चांदीत मढवलेली जुनी रशियन काच: घेण्याआधी कुठल्या क्रमानं तपासायची

या भांड्यांबद्दल विचारणाऱ्यांची चूक जवळजवळ नेहमी एकच असते. भांडं हातात आलं की पहिल्यांदा उलटं करून शिक्का शोधायचा, 84 (चांदीच्या शुद्धतेचा जुना रशियन आकडा) दिसलं की खूश व्हायचं, आणि त्यातच फाबेर्जे (झारच्या काळातला नामांकित सोनार) असं काही वाचता आलं तर बाकी काही न बघता थेट भावावर यायचं. हा क्रम बरोबर उलटा हवा. आधी काच, मग काच आणि चांदीचा सांधा, मग चांदी, मग शिक्के, आणि कारागिराचं नाव सगळ्यात शेवटी.

कारण सोपं आहे. हे भांडं दोन जिनसांचं आहे आणि दोघांचं आयुष्य वेगळं असतं. काच फुटते, चांदी टिकते, मग कधीतरी कुणीतरी त्याच चांदीत दुसरी काच बसवून देतो. अशा वेळी शिक्के शंभर टक्के खरे असतात, चांदी खरी असते, वय खरं असतं, तरीही तुम्ही विकत घेतलेलं भांडं अर्धंच जुनं असतं. नुसते शिक्के बघणाऱ्याला हे कधीच कळत नाही.

टप्पा 1: नक्की कशाच्या मागे आहात ते ठरवा

बाजारात मुख्यतः तीन प्रकार भेटतात.

पहिला, पोदस्ताकान्निक, म्हणजे चहाच्या ग्लासाचा मुठीचा स्टँड. यात काच सुटी असते, काढता-घालता येते. दुसरा, चांदीची कॉलर (गळ्याभोवतीची पट्टी), झाकण आणि मूठ कायमची बसवलेले कट ग्लासचे जग, सुरया आणि झाकणाचे मोठे मग. तिसरा, व्होडकाचे छोटे ग्लास, ज्यांना तळाशी किंवा काठाला चांदीची पट्टी असते, आणि ते बरेचदा सहाच्या सेटमध्ये असतात.

माझं स्पष्ट मत आहे की सुरुवात पहिल्या प्रकारापासून करा, आणि त्यातही 1908 ते 1917 मधला, मीनाकारी नसलेला, साधा कोरीवकामाचा मॉस्कोचा तुकडा घ्या. काच बाहेर काढता येते त्यामुळे चांदीचं खरं वजन कळतं, आतून-बाहेरून सगळं दिसतं, शिक्के वाचायला हात बसतो. जगांमध्ये यातलं काहीच करता येत नाही. सेट घेताना तर प्रत्येक ग्लास वेगळा तपासावा लागतो, कारण चार मूळचे आणि दोन नंतर बनवलेले हा प्रकार फार कॉमन आहे.

टप्पा 2: तयारी

दहा पट मोठं दाखवणारं भिंग, पांढऱ्या प्रकाशाचा छोटा पण तेज टॉर्च, 365 नॅनोमीटरचा अल्ट्राव्हायोलेट टॉर्च, व्हर्नियर कॅलिपर, एक ग्रॅमपर्यंत अचूक वजनकाटा, लोहचुंबक आणि जाड टॉवेल. एवढं पुरे. टॉवेल टेबलावर अंथरायचा, भांडं त्याच्याबाहेर जाऊ द्यायचं नाही.

सुती हातमोजे घालू नका. चांदीसाठी ते ठीक, पण काचेवरून सटकतात. नायट्राइलचे ग्लोव्हज घाला किंवा हात स्वच्छ धुवून पूर्ण कोरडे करा.

सगळ्यात महत्त्वाची तयारी मात्र वस्तूंची नाही, अक्षरांची आहे. रशियन लिपीची 33 अक्षरं आणि 1918 आधी वापरात असलेली जास्तीची जुनी अक्षरं ओळखता आलीच पाहिजेत. भाषा यायची गरज नाही, फक्त अक्षरं. एक-दोन संध्याकाळी बसलात तरी होतं, आणि जो हे टाळतो तो पुढे विक्रेत्यानं वाचून दाखवलेल्या नावावरच विसंबून राहतो.

⚠️ सावधान: भांडं कधीही मुठीला धरून उचलू नका, तळाखाली हात घालूनच उचला. जुन्या जगमध्ये मुठीचा सगळा भार कॉलरवर येतो आणि कॉलरखालची काच तिथेच तडकते.

टप्पा 3: ऑनलाइन असेल तर फोटो मागवा, आणि ठरावीकच मागवा

विक्रेता जे फोटो टाकतो ते सुंदर असतात पण कामाचे नसतात. हे मागा:

- समोरून आणि मुठीच्या बाजूनं, कॅमेरा भांड्याच्या उंचीला ठेवून. वरून काढलेल्या फोटोत तिरकं बसलेलं झाकण सरळ दिसतं.
- तळ, तिरप्या प्रकाशात.
- काठ, पूर्ण गोल, जवळून.
- कॉलर जिथे काचेला भिडते ती रेषा, चारही बाजूंनी, आणि जग असेल तर गळ्याच्या आतून.
- प्रत्येक सुट्या भागावरचा शिक्का वेगवेगळा. झाकण, कॉलर, मूठ, तळाची पट्टी.
- मागून टॉर्च धरून भांडं हळूहळू फिरवतानाचा व्हिडिओ.

पोदस्ताकान्निक असेल तर वजन काचेशिवाय विचारा. जाहिरातीत बऱ्याचदा काचेसकट वजन लिहितात आणि वाचणारा ते सगळं चांदीचं समजून मनात हिशोब करून मोकळा होतो.

हे फोटो द्यायला विक्रेता तयार नसेल तर तिथेच थांबा, भाव कितीही चांगला असला तरी.

टप्पा 4: काच

चांदीकडे अजून बघायचंच नाही. शक्य असेल तर कॉलरवर रुमाल गुंडाळा, म्हणजे नजर जाणार नाही.

हातानं कापलेली की साच्यातली. चाकावर कापलेल्या काचेच्या कडा बोटाला धारदार लागतात, आणि भिंगातून बघितलं की रेषा जिथे एकमेकींना छेदतात तिथे कुठेतरी केसभर पुढे-मागे झालेलं असतंच. साच्यात दाबलेल्या काचेच्या कडा गोलसर, मऊ असतात, सगळी नक्षी अगदी एकसारखी असते, आणि बाजूनं साच्याच्या जोडाची बारीक उभी रेषा सापडते. महागड्या चांदीत साच्यातली काच दिसली तर ती बहुतेक नंतर बसवलेली आहे.

तळाची झीज. शंभर वर्षं टेबलावर ठेवलं-उचललं गेलेल्या भांड्याच्या तळाला, जो भाग टेकतो तेवढ्याच कड्यावर, सगळ्या दिशांना जाणारे बारीक ओरखडे असतात. काही खोल, काही अगदी पुसट. सँडपेपर मारून केलेली झीज एकाच दिशेला, एकाच जाडीची असते आणि जिथे तळ टेकतच नाही तिथेही पोचलेली असते. अजिबात ओरखडा नसलेला तळ हा आनंदाचा विषय नाही.

काठ. फुटलेला काठ घासून खाली आणणं ही सगळ्यात जास्त केली जाणारी दुरुस्ती. ओळखायचं असं की काठापासून नक्षी सुरू होते ते अंतर व्हर्नियरनं चार-पाच ठिकाणी मोजा. फरक येत असेल, किंवा काठ बाकी भांड्याच्या मानानं सपाट आणि चकचकीत वाटत असेल, तर तो घासलाय. सेटमधल्या ग्लासांची उंची तर मोजायचीच.

तडा. टॉर्च आतून धरा आणि भांडं फिरवा. कापलेली रेषा सगळ्या कोनांतून दिसते, तडा एका ठरावीक कोनात आरशासारखा चमकतो आणि पुढच्या क्षणी गायब होतो. कॉलरच्या खालचा पहिला सेंटिमीटर आणि मूठ जिथे काचेला टेकते ती जागा, या दोन ठिकाणी जास्त वेळ द्या. टिचकी मारून आवाज ऐकायचा मोह टाळा, मढवलेल्या काचेचा नाद चांदी आणि प्लास्टरमुळे तसाही दबलेला असतो, त्यातून काही कळत नाही.

अल्ट्राव्हायोलेट. खोलीत पूर्ण अंधार करून टॉर्च मारा. आधुनिक चिकटद्रव्यं आणि भरलेला रेझिन बरेचदा निळसर-पांढरे उजळतात, काच तशी उजळत नाही. दिवसा न दिसणारी चिकटवलेली चीर इथे रेषेसारखी उठून येते.

एक गोष्ट समजून घ्या, काच रशियनच असली पाहिजे असा आग्रह नको. पीटर्सबर्गचा इंपिरियल काच कारखाना, माल्त्सोव घराण्याचे गुस-ख्रुस्ताल्नी आणि द्यात्कोवो इथले कारखाने, पेन्झा प्रांतातला बाख्मेतेवचा कारखाना, इथला माल होताच, पण परदेशी काच रशियात आणून तिथे मढवलेलीही मिळते. काच मूळची आहे का, हा प्रश्न महत्त्वाचा. ती कुठल्या देशातली हा त्यानंतरचा.

✔ तपासणी: आत्तापर्यंत फक्त काच बघून तुम्ही "ही शंभर वर्षं वापरलेली, हातानं कापलेली, न घासलेली काच आहे" असं म्हणू शकता का? नसेल तर पुढे जाण्याआधी भाव निम्म्याहून खाली धरा.

टप्पा 5: सांधा

हा टप्पा बहुतेक लोक पूर्णच गाळतात, आणि खरं सगळं इथेच लपलेलं असतं.

कायम बसवलेल्या भांड्यात कॉलर आणि काच यांच्यामध्ये प्लास्टर किंवा राळेसारखं काहीतरी भरलेलं असतं. चांदी थेट काचेला चिकटत नाही. जुनं प्लास्टर पिवळट किंवा राखाडी पडतं, काठाला थोडं भुगा झालेलं असतं, त्यात वर्षानुवर्षांची काळपट घाण बसलेली असते. कॉलरच्या खालच्या कडेतून पांढरंशुभ्र, ताजं प्लास्टर दिसलं किंवा अल्ट्राव्हायोलेटमध्ये ती फट उजळली, तर कॉलर एकदा काढून परत बसवलीय. ती का काढली हे विक्रेत्याला विचारा. नुसती ढिली झाली म्हणून परत बसवली असेल तर तो दोष नाही, उलट चांगली देखभाल आहे. पण काचच बदलली असेल तर गोष्ट वेगळी.

काच बदललीय का हे कसं कळणार? चार गोष्टी बघा.

1. कॉलरखाली नक्षी कुठे संपते. मूळ कामात काच कापणाऱ्याला माहीत असायचं की इथे चांदी येणार आहे, म्हणून तो गळ्याचा तेवढा पट्टा सहसा साधा सोडायचा आणि नक्षी कॉलरच्या जरा खाली संपवायचा. नक्षी कॉलरच्या आत घुसून अर्धवट झाकली गेली असेल तर ही काच या कॉलरसाठी बनलेली नाही.
2. नक्षीचा अक्ष आणि मूठ. मूठ, झाकणाची बिजागरी आणि समोरची चोच एका सरळ रेषेत असतात, आणि काचेवरचा मुख्य भाग त्या रेषेच्या दोन्ही बाजूंना सारखा पडतो. समोर चोचीखाली नक्षीचा मधला तारा न येता कडेला सरकलेला असेल तर शंका घ्या.
3. कॉलरची खालची कड. पकडीनं उचकटल्याचे छोटे दात, ओळीनं दबलेल्या जागा, पुन्हा आत वळवलेली कड. भिंगाखाली हे लगेच दिसतं.
4. फट. बोटानं फिरवून बघा, एका बाजूला कॉलर काचेला घट्ट आणि दुसऱ्या बाजूला प्लास्टरचा जाड थर, असं असेल तर व्यास जुळत नाहीयेत.

पोदस्ताकान्निकमध्ये हे सगळं लागू नाही. तिथे मूळ काच फार क्वचित मिळते, ग्लास फुटायचे आणि नवे यायचे, ते धरूनच चालायचं. फक्त एवढं बघा की ग्लास तळाला नीट टेकतो, खडखडत नाही, आणि ओढून-ताणून बसवलेला नाही. घट्ट बसणारा ग्लास गरम चहानं प्रसरण पावून तडकतो.

⚠️ सावधान: जगमध्ये पाणी भरून गळती तपासू नका. पाणी प्लास्टरमध्ये शिरलं की ते मऊ होतं आणि आतून चांदी काळी पडायला लागते.

टप्पा 6: चांदी, अजूनही शिक्के न बघता

लोहचुंबक लावा. चिकटला तर विषय संपला, नाही चिकटला तर काहीच सिद्ध झालं नाही, कारण तांबं, पितळ आणि जर्मन सिल्व्हरलाही तो चिकटत नाही.

मग झिजलेल्या जागा बघा, मुठीचा अंगठा टेकायचा भाग, तळाची कड, झाकणाची कड. मुलामा दिलेल्या वस्तूत तिथे आतला पिवळा किंवा तांबूस धातू डोकावतो.

आपल्याकडे एक घोळ हमखास होतो तो इथेच सांगतो. सत्तर-ऐंशीच्या दशकात सोव्हिएत युनियनमध्ये शिकायला किंवा कामाला गेलेल्यांच्या घरी, मुंबई-पुण्यात अशी घरं बरीच आहेत, तिथे स्पुटनिक, क्रेमलिन किंवा फुलापानांची नक्षी असलेले पोदस्ताकान्निक सापडतात. ते बहुतेक कोल्चुगिनोच्या कारखान्याचे, तांबं-निकेल किंवा तांबं-निकेल-जस्ताच्या मिश्रधातूचे असतात. तळाला तीन रशियन अक्षरं असतात, पहिलं इंग्रजी एम, दुसरं एच आणि तिसरं चौकोनी यू सारखं ज्याच्या उजव्या खालच्या कोपऱ्याला छोटी शेपटी, ही तांबं, निकेल, जस्त यांची आद्याक्षरं आहेत. ही वस्तू घरात प्रेमानं जपावी, रोज चहाला वापरावी, पण ती चांदीची नाही आणि झारच्या काळातलीही नाही. या धातूवर चांदीचा मुलामा दिलेलेही पोदस्ताकान्निक असतात, तेही चांदीच्या भावानं घ्यायचे नाहीत.

पुढे झाळ. मूठ आणि बिजागरीच्या जोडांवर भिंग धरा. चांदीच्या झाळकामाची रेषा बारीक आणि त्याच रंगाची असते. करडा, मऊ, गोळा झालेला थर दिसला तर शिशाच्या झाळेनं गल्लीतली दुरुस्ती झालीय, आणि ती नीट काढणं फार अवघड असतं.

मीनाकारी असेल तर तिरप्या प्रकाशात बघा. खरी मीना काचेसारखी चमकते आणि कठीण असते, टवका उडालेल्या जागी रंग भरला असेल तर तो मंद, थोडा प्लास्टिकसारखा दिसतो आणि अल्ट्राव्हायोलेटमध्ये वेगळा पडतो.

टप्पा 7: शिक्के

आता भिंग घेऊन नीट बसा. शिक्क्याचा कोकोश्निक, म्हणजे पारंपरिक रशियन मुकुट घातलेल्या बाईचं डोकं, तांदळाच्या दाण्यात मावेल एवढं असतं, त्यामुळे उभ्या-उभ्या वाचायला जाऊ नका.

आकडा. 84 म्हणजे 84 टक्के नाही. जुन्या रशियन पद्धतीत शुद्ध चांदी 96 झोलोत्निक (जुनं रशियन वजनाचं एकक) धरायची. म्हणून 84 म्हणजे 96 पैकी 84, हजारात 875. 88 म्हणजे साधारण 916 आणि 91 म्हणजे साधारण 947. आणि नुसता 84 हा रशियाचा पुरावाही नाही, इराणी चांदीवरही 84 मारलेला सापडतो, आणि इराणमध्येही चहाच्या ग्लासाचे चांदीचे स्टँड बनायचे. 84 आहे पण शहराचा किंवा कोकोश्निकचा शिक्काच नाही, नक्षी दाट पानाफुलांची आणि पक्ष्यांची आहे, असं असेल तर आधी इराणचा विचार करा.

1899 च्या आधी. शिक्के सुटे-सुटे असतात: शहराचं चिन्ह, चांदीची शुद्धता तपासणाऱ्या सरकारी तपासनिसाची आद्याक्षरं आणि त्याबरोबर वर्ष, आकडा, आणि कारागीर. मॉस्कोचं चिन्ह म्हणजे भाल्यानं ड्रॅगनला मारणारा घोडेस्वार, पीटर्सबर्गचं म्हणजे एकमेकांवर आडवे जहाजाचे दोन नांगर आणि मधे राजदंड. तपासनीस आणि वर्ष जुळलंच पाहिजे. उदाहरण घ्या: मॉस्कोचा तपासनीस व्हिक्टर साविन्कोव, त्याची रशियन आद्याक्षरं आपल्याला इंग्रजी बी-सी सारखी दिसतात, तो साधारण 1855 ते 1888 मधला. त्याच्या अक्षरांखाली 1873 असेल तर ठीक, 1896 असेल तर शिक्का बनवणाऱ्यानं अभ्यास केलेला नाही.

1899 ते 1908. कोकोश्निक डावीकडे बघतो आणि सोबत तपासनिसाची आद्याक्षरं. मॉस्कोला इव्हान लेबेद्किन, पीटर्सबर्गला सुरुवातीची काही वर्षं याकोव ल्यापुनोव.

1908 नंतर. कोकोश्निक उजवीकडे बघतो आणि आद्याक्षरांच्या जागी ग्रीक अक्षर येतं. अल्फा म्हणजे पीटर्सबर्ग, डेल्टाचा त्रिकोण म्हणजे मॉस्को. उजवीकडे बघणारं डोकं आणि त्यासोबत लेबेद्किनची आद्याक्षरं, हे दोन्ही एका शिक्क्यात बसत नाहीत.

सोव्हिएत काळ. 1927 पासून हातोडा घेतलेल्या कामगाराचं डोकं, 1958 पासून विळा-हातोडा असलेला तारा, आणि आकडा हजारातला, जसं 875 किंवा 916.

1994 नंतर. कोकोश्निक परत आला, तोही उजवीकडे बघणारा. इथे फार लोक फसतात. फरक आकड्यात आहे, झारच्या काळातल्या शिक्क्यात झोलोत्निक असतात, नव्यात 925 सारखे हजारातले आकडे.

✔ तपासणी: डोकं कुठल्या बाजूला बघतंय हे फोटोवरून ठरवण्याआधी त्याच फोटोतला आकडा सरळ वाचता येतोय ना ते बघा. कित्येक फोटो फोनमध्ये आरशासारखे उलटे झालेले असतात आणि त्यावरून दहा वर्षांची चूक होते.

आता शिक्का खरा मारलेला आहे का. ठोकून मारलेल्या शिक्क्याचा तळ स्वच्छ आणि कडा तीक्ष्ण असतात, पातळ पत्र्यावर मागच्या बाजूला हलका उंचवटाही येतो. ओतून नक्कल केलेल्या शिक्क्याच्या कडा मऊ असतात आणि तळाला बारीक छिद्रं दिसतात. शिवाय शिक्क्याच्या आजूबाजूला हलकेच तोंडाची वाफ सोडा. एखाद्या तुटक्या चमच्यावरचा खरा शिक्का कापून इथे झाळला असेल तर ओलसर वाफेत त्याभोवती चौकोनी रेषा क्षणभर उमटते. मला ही युक्ती सगळ्या उपकरणांपेक्षा भरवशाची वाटते.

आणि प्रत्येक भागावर शिक्का शोधा. जुन्या नियमानं सुट्या भागांवरही छोटा शिक्का मारत. कॉलर मॉस्कोची 1908 नंतरची आणि झाकणावर नांगर-राजदंड, म्हणजे दोन भांड्यांतून एक झालंय.

टप्पा 8: नाव, आणि ते आता

इथपर्यंत सगळं जुळलं असेल तरच नाव वाचा.

पहिली चाचणी शुद्धलेखनाची. 1918 च्या सुधारणेआधी रशियनमध्ये व्यंजनानं संपणाऱ्या शब्दाच्या शेवटी एक कठीण-चिन्ह लिहायचे, ते इंग्रजी लहान बी सारखं दिसतं, फक्त वर डावीकडे एक छोटी आडवी शेपटी असते. ख्लेब्निकोव, ओव्चिन्निकोव, साझिकोव, मोरोझोव, ही चांदीकामाच्या पेढ्यांची नावं पूर्ण लिहिली असतील तर शेवटी ते चिन्ह हवंच. नसेल तर शिक्का बनवणारा आजची रशियन लिहितोय. फाबेर्जे आणि ग्राचेव बंधूंच्या शिक्क्यावरचं नाव स्वरानं संपतं, तिथे हे चिन्ह येत नाही, म्हणून तिथे ही चाचणी वापरू नका.

दुसरी चाचणी काळाची. साझिकोवचा व्यवसाय 1880 च्या दशकात ख्लेब्निकोवकडे गेला, तेव्हा साझिकोवचं नाव आणि कोकोश्निक एकत्र दिसले तर मागे सरका. फाबेर्जेला राजघराण्याचा पुरवठादार हा मान 1885 ला मिळाला, त्याआधीच्या वर्षाशेजारी दोन डोक्यांचा गरुड आणि फाबेर्जे असू शकत नाही. पीटर्सबर्गच्या फाबेर्जे वस्तूंवर सहसा त्या कार्यशाळेच्या मुख्य कारागिराची आद्याक्षरंही असतात, जसे चांदीकामातले युलियस राप्पोपोर्ट. पीटर्सबर्गचा शिक्का, फाबेर्जेचं नाव, आणि कारागीर कुठेच नाही, हे चिन्ह चांगलं नाही.

फाबेर्जेच्या बाबतीत सगळ्यात जास्त होणारी फसवणूक म्हणजे अस्सल जुन्या, अस्सल शिक्क्यांच्या, पण साध्या कारागिराच्या भांड्यावर नंतर मारलेलं फाबेर्जेचं नाव. बाकी सगळं खरं असल्यामुळे तुमच्या आधीच्या चाचण्या पास होतात. म्हणून नावाच्या शिक्क्याची झीज बाकीच्या शिक्क्यांच्या झिजेशी ताडून बघा. शहराचा शिक्का पुसट आणि शेजारचं नाव कालच मारल्यासारखं कोरं, असं असेल तर नाव वेगळं आलंय. खालचा कुणा दुसऱ्याचा शिक्का खरडून टाकल्याचा खोलगट भागही शोधा.

खरं सांगायचं तर पहिली काही वर्षं या नावाच्या मागे लागूच नये. मॉस्कोच्या आर्तेलांचं, म्हणजे कारागिरांच्या सहकारी गटांचं काम, उदाहरणार्थ अकराव्या आर्तेलचं, देखणं असतं आणि त्याच्या नकला करण्यात कुणाला फारसा फायदा नसतो.

टप्पा 9: पैसे आणि कागद

रशियात जाऊन विकत घेऊन बॅगेत टाकून आणायचा विचार सोडा. तिथे जुन्या वस्तू देशाबाहेर न्यायला तज्ज्ञांची तपासणी आणि परवानगी लागते, शंभर वर्षांपेक्षा जुन्या वस्तूंना तर नियम फार कडक आहेत. 2022 मध्ये लंडनच्या मोठ्या लिलावगृहांनी त्यांच्या रशियन सेल रद्द केल्या, तरी युरोपात आधीपासून असलेला माल फिरतोय, स्टॉकहोम आणि हेलसिंकीच्या लिलावांमध्ये तो नियमित दिसतो. वस्तू रशियाबाहेर कधीपासून आहे याचा कागद मागा, जुन्या लिलावाची पावती सर्वात उत्तम.

बिलावर चार गोष्टी लिहून घ्या: वय, धातू, काच मूळची आहे की बदललेली, आणि दुरुस्ती. विक्रेता तोंडी सांगतो पण लिहून द्यायला कचरतो, तेव्हा तोंडी सांगितलेलं धरायचं नाही. भारतात आणताना कस्टम्सला वयाचा पुरावा लागतो, एजंटशी आधी बोला. आणि परदेशात राहणाऱ्यांनी लक्षात ठेवा, इथे घरी आणून ठेवलेली शंभर वर्षांहून जुनी वस्तू पुन्हा बाहेर नेताना 1972 चा पुरावशेष कायदा आडवा येऊ शकतो, त्यामुळे निघायच्या आदल्या दिवशी नाही तर काही महिने आधी पुरातत्त्व खात्याकडे चौकशी करा.

पॅकिंगसाठी विक्रेत्याला सांगा: बूच वेगळं गुंडाळायचं, झाकणाखाली मऊ कागदाची घडी, मुठीच्या पोकळीत भरण, डब्यात डबा. वर्तमानपत्र चांदीला थेट लावायचं नाही.

टप्पा 10: घरी आल्यावर

पहिला दिवस फक्त ठेवून द्या. थंड देशातून विमानानं आलेली काच लगेच धुवायला घेऊ नका.

नंतर मऊ कोरड्या ब्रशनं धूळ काढा. चांदीसाठी कापसाच्या काडीवर डिस्टिल्ड पाणी आणि सौम्य साबणाचा एक थेंब, छोटा भाग पुसायचा, लगेच कोरडा करायचा, मग पुढचा भाग. मढवलेलं भांडं बुडवायचं नाही, ना पाण्यात, ना केमिकल डिपमध्ये, ना अॅल्युमिनियम फॉइल आणि सोड्याच्या गरम पाण्यात.

आपल्या घरातली चांदी घासायची सवय इथे नुकसान करते. चिंच, रांगोळी, टूथपेस्ट, यातलं काहीही नको. टूथपेस्ट आणि रांगोळी खरवडतात, दर वेळी शिक्के थोडे पुसट होतात, आतला सोन्याचा मुलामा तर दोन-तीनदा घासला की गेलाच. आणि काळी नक्षी, जी नीलोची (चांदीत कोरलेल्या खाचांत भरलेल्या काळ्या मिश्रणाची) असते, ती डाग समजून घासून काढणारे आहेत. ती काळीच असायला हवी, तीच त्या भांड्याची शोभा आहे.

सुरईत आत पांढरा थर असेल तर पाण्यात थोडं व्हिनेगर, कॉलरच्या बऱ्याच खालपर्यंतच, काही तास ठेवा, मग डिस्टिल्ड पाण्यानं विसळून काठीला गुंडाळलेल्या कापडानं आतून कोरडं करा. थर गेला नाही तर काच खाल्ली गेलीय, जास्त घासून फायदा नाही.

⚠️ सावधान: कट ग्लास बरेचदा शिशाची असते. वाइन किंवा व्होडका त्यात भरून ठेवू नका, शिसं हळूहळू पेयात उतरतं.

ठेवताना बूच काढून, झाकण किंचित उघडं, कोरड्या बंद कपाटात. मुंबई-कोकणातल्या पावसाळ्यात सिलिका जेलच्या पुड्या आत ठेवा आणि महिन्याला बदला. रबरबँड, लोकर, बबल रॅप यांचा चांदीला थेट स्पर्श नको. शिक्क्यांचे जवळून काढलेले फोटो, काठापासून नक्षीपर्यंतची मापं आणि बिल एकत्र एका फाइलमध्ये ठेवा, आणि दर वर्षी कॉलरच्या फटीचा एक फोटो त्याच कोनातून काढून जुन्याशेजारी लावा, प्लास्टर सुटायला लागलंय हे तिथेच सगळ्यात आधी दिसतं.